नाहीचं बटण

आमच्या दुकानात दोन टेबलं आहेत. पुढचं माझं, मागचं बिघाडचं. मी मोबाइलच्या फुटलेल्या काचा बदलते. लोक तोंड पाडून येतात, हसत जातात आणि काच बसेपर्यंत घरातली सगळी भांडणं मला सांगून मोकळे होतात. मागच्या टेबलाशी मात्र गप्पा मारायला कुणी थांबत नाही. तिथे पोटात छोटा कॉम्प्युटर असलेली यंत्रं येतात: गाडीतले कॅमेरे, भरतकामाची मशिनं, बेकरीच्या भट्टीची पॅनल, पाळण्यावर लावायचे कॅमेरे. एक दिवस वीज भलत्या क्षणी जाते, आतला सगळा हिशेब विस्कटतो, आणि मग यंत्र सुरू करावं तर नुसतं कंपनीचं चित्र दाखवून थिजून बसतं. अशी थिजलेली यंत्रं बिघाड बोलती करतो.

हात सोन्याचे आहेत त्याचे, आणि तोंड कसायाचं. एकदा एक बाई पाळण्यावरचा कॅमेरा घेऊन आली. "यात माझ्या मुलाचं पहिलं पाऊल आहे हो," म्हणाली. बिघाडने कॅमेरा उघडला, चिप बघितली आणि मान वर न करता म्हणाला, "आहे नाही, होतं." ती बाई माझ्या टेबलाशी येऊन रडली. माझ्याकडे रडणाऱ्यांसाठी स्टूल आहे, त्याच्याकडे तेही नाही.

पण कामात तो कधी लबाडी करत नसे. त्याचा एक नियम होता आणि तो नियम म्हणजे त्याचा देव. आधी नक्कल, मग हात. यंत्रातल्या चिपवर जे काही आहे, शहाणं-वेडं, धड-मोडकं, ते सगळं जसंच्या तसं एका कार्डावर उतरवून घ्यायचं आणि कार्ड पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवायचं. पेटीची किल्ली गळ्यात. दुरुस्ती करताना काही चुकलं तर पुन्हा नक्कल काढून पहिल्यापासून सुरू. आणि ती नक्कल ग्राहकाने स्वतःच्या तोंडाने "ठीक आहे" म्हटल्याशिवाय पुसायची नाही. पूर्वी एकदा नक्कल पुसून झाल्यावर एक टॅक्सीवाला परत आला होता, त्याला हवा असलेला अपघाताच्या चित्रणाचा तुकडाच आला नव्हता. तेव्हापासून बिघाडने कानाला खडा लावला. ग्राहक घाईत "ठीक असेल" म्हणाला की हा दारात आडवा. "असेल नको. बघा, तपासा आणि आहे म्हणा." लोक वैतागायचे, पण म्हणायचे.

त्याचं खरं नाव मला माहीत नाही. वीजबिलावर असेल काहीतरी. गल्लीतलं शेंबडं पोरही त्याला बिघाड म्हणतं आणि तो ओ देतो. हे नाव त्याला त्याच्या आईने ठेवलं, आणि तेही भोंग्यावरून.

म्हातारी बस स्टँडवर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुणाची छत्री सापडली, कुणाचं पोर हरवलं, सगळं तिच्या तोंडून. आवाज असा की तो ऐकून ड्रायव्हर हातातला चहा टाकून गाडीत चढत. घरीदारी तिला आवाजाचाच माज होता, आणि तो शोभायचाही. बिघाड शाळेत होता तेव्हा त्याने एकदा, आईचा आवाज त्या खोक्यातून बाहेर येतो कसा हे बघायला घोषणेचं मशीन उघडलं. उघडलं ते उघडलं, मिटता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सगळ्या गाड्या घोषणेविना सुटल्या. मशीन दुरुस्त झाल्यावर म्हातारीने, म्हणजे तेव्हाच्या तरण्या बाईने, पहिली घोषणा केली: "प्रवाशांनी क्षमा करावी. उशीर झाला, कारण माझ्या पोटी एक बिघाड जन्माला आला आहे." सगळा स्टँड हसला. हा आईचा डबा द्यायला आला होता. हातात डबा धरून फलाटावर उभा होता.

पुढे तो दुरुस्त्या करायला लागला. त्याला कुणाला काय दाखवून द्यायचं होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. म्हातारीला दिसलं नाही. की दिसलं आणि तिने डोळे मिटून घेतले, ते तिचं तिला ठाऊक. दुकान खाली, ती वर माडीवर, आणि जिन्यावरून दिवसभर एकेक वाक्य खाली यायचं. मी इथे टेबल टाकलं त्या पहिल्याच दिवशी वरून आवाज आला, "बिघाड, ती काचवाली जास्त हुशार दिसते, तिलाच म्हण, मला शिकव." मला हसू आलं होतं. मग त्याचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं.

आणि म्हातारीच्या त्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव राहील पण आवाज राहणार नाही. इस्पितळात एक बाई होत्या, आवाज गेलेल्यांना बोलायच्या वाटा शिकवणाऱ्या. त्यांनी एक डबा दिला. पाटीएवढा, मोठमोठ्या बटणांचा. ऑपरेशनआधी आपल्याच आवाजात हवी ती वाक्यं भरून ठेवायची, नंतर बटण दाबलं की डबा ती बोलणार. म्हातारीची बोटं संधिवाताने इतकी वाकडी झाली होती की पेन धरता येत नव्हतं. बटणं तेवढी दाबता येत होती. म्हणजे पुढचं सगळं आयुष्य त्या डब्यावर होतं.

आवाज भरायच्या दिवशी मी चहा घेऊन वर गेले होते आणि तिथेच टेकले. बिघाड आईच्या तोंडाशी माइक धरून बसला होता. इस्पितळातल्या बाई म्हणाल्या, "आधी हो आणि नाही भरू या." म्हातारीने "हो" असं म्हटलं, जणू कुणी खिशातून काढून नेतंय. "नाही" मात्र असं म्हटलं की खाली रस्त्यावरचा माणूस थांबला असेल. ते तिने वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या बटणावर घालून घेतलं. "हे न बघता सापडलं पाहिजे," म्हणाली. मग पाणी, औषध, दार लाव, आवाज कमी कर. डॉक्टरांसाठी एक चांगलं वाक्य असू द्या, असं बाईंनी सुचवलं म्हणून "आज छान वाटतंय." तिच्याकडे एक भुरी मांजर होती, तिच्यासाठी "ये रे बाळा." मांजर होती, पण हिने तिला कायम बोका समजूनच हाक मारली, आणि ती हाक इतकी मऊ की मी बघतच राहिले. या बाईच्या गळ्यात हा आवाज होता कुठे?

नंतर बिघाडची वाक्यं सुरू झाली. "बिघाड, वर ये." "काय केलंस हे?" "अक्कल कुठे ठेवलीस?" "तुला नाही जमणार." एकेक वाक्य ती त्याच्या डोळ्यांत बघून म्हणत होती आणि तो माइक हलू न देता धरून होता. थोडी बटणं उरली तेव्हा तो म्हणाला, "आई, माझ्यासाठी एखादं."

"तुझ्यासाठी अर्ध्याच्या वर भरलीत की," म्हातारी म्हणाली.

"तसं नाही. चांगलं एखादं. कधी लागलं तर."

तिने विचार केला. खरंच केला, मी समोर होते. मग म्हणाली, "लागेल तेव्हा बघू." दोन दिवसांनी तिचा गळा कापला. लागायचं तेव्हा बघायला काही उरलं नाही.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर तिने डब्यावर दाबलेलं पहिलं बटण कुठलं म्हणाल? बिघाडच्या हातून उशाचं पाणी सांडलं होतं. "काय केलंस हे?" नर्स खळखळून हसली.

मग वर्षानुवर्षं तो डबा आमच्या डोक्यावर बोलत राहिला. माणूस थकतो, त्याचा आवाज बसतो, एखाद्या दिवशी बोल बोथट होतो. डब्याला ते नाही. प्रत्येक "अक्कल कुठे ठेवलीस?" पहिल्याइतकंच धारदार. ग्राहक बसलेले असताना वरून "तुला नाही जमणार" यायचं आणि ग्राहक आपलं यंत्र पुन्हा पिशवीत घालायचा विचार करायचा. बिघाडला बायको होती. ती सासूच्या डब्याला विटली आणि एका दुपारी बॅग घेऊन जिना उतरली. तिच्या पाठीमागून डबा म्हणाला, "दार लाव." आणि तिने, बिचारीने, सवयीने लावलं.

पुढे मांजर मेली. तरी म्हातारी दुपारी खिडकीच्या मोकळ्या कट्ट्याकडे बघत ते बटण दाबायची. "ये रे बाळा." खाली बिघाडचा हात दर वेळी थांबायचा. तारा जोडायची, डाग देणारी लोखंडी टोकदार सळई हवेत, तिच्या टोकातून धूर, आणि हा मान न हलवता ऐकतोय. वर बोलावलेलं असायचं मेलेल्या मांजरीला.

आता मुद्द्याचं. डब्याची बॅटरी फुगली होती. बिघाडने आईला बजावलं होतं, बदलू दे. म्हातारीने कोपऱ्यातलं बटण दाबलं होतं: "नाही." त्याच्या हातात आवाज द्यायला ती तयार नव्हती. एके सकाळी तिने त्याच्यावर एकामागून एक बटणं दाबली, डबा आत काहीतरी लिहून ठेवत असतानाच बॅटरीने मान टाकली, आणि पुन्हा लावल्यावर नुसतं कंपनीचं चित्र. दाबा, ठोका, हलवा, चित्रच.

मी कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी गोड बोलत होती. डबा पाठवून द्या, नव्यासारखा करून देतो, आत आमचा तयार आवाज भरतो, जुनं मात्र सगळं पुसलं जाईल. तयार आवाज तिने फोनवर ऐकवलाही, वीस वर्षांच्या पोरीचा, साखरेच्या पाकातला. म्हातारीने डबा छातीशी धरला. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. नव्याने आवाज भरायला तिच्याकडे गळाच नव्हता. तिचं म्हणून जगात जे काही बोलणं उरलं होतं ते त्या चिपवर होतं, आणि ते सोडवू शकेल असा एकच माणूस तिला माहीत होता.

तिने डबा त्याच्या टेबलावर आणून ठेवला. स्वतः, जिना उतरून, वाकड्या बोटांनी.

बिघाडने डबा उचलून फळीवर ठेवला. "पुढे बेकरीवाल्याचं पॅनल आहे," म्हणाला. "नंबराने होईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "अरे, आई आहे ती."

"म्हणून तर रांगेत घेतलं," तो म्हणाला.

तिचं ते मधलं मुकेपण मी बघितलं आहे. हो-नाही तिला मानेने सांगता येत होतं, पण मान हलवायची तर समोर बघणारं कुणी लागतं. ती वरून वाटीवर चमचा वाजवायची आणि तो खाली रेडिओ लावायचा. चहात साखर जास्त झाली म्हणून ती मान हलवायची तेव्हा तो खिडकीबाहेर बघत असायचा. मी जाऊन साखर-पाणी बघायचे, पण मी दिवसभर माझ्या टेबलाला बांधलेली.

शेवटी डब्याचा नंबर आला. एकदा हात लावल्यावर मात्र बिघाड कुणाचा मुलगा राहिला नाही, नुसता कारागीर झाला. डबा उघडला, चिपमधलं सगळं कार्डावर उतरवलं, कार्ड पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली गळ्यात. मग दुसऱ्या नकलेवर काम सुरू केलं. मला त्याने कधीतरी समजावलं होतं ते असं: बस स्टँडच्या सामानघरात पिशव्या असतात आणि प्रत्येक पिशवीला बिल्ला असतो. बिल्ले विस्कटले म्हणून पिशव्या जळत नाहीत. त्या आतच असतात, फक्त कुठली कुणाची ते कळत नाही. तपासणारा प्रोग्रॅम अशा बेवारशी पिशव्या गोळा करून एका खणात टाकतो आणि त्यांना नावाऐवजी नुसते आकडे देतो. त्या खणाचं नावच मुळी हरवले-सापडले. म्हातारीने जन्मभर ज्या खिडकीसाठी घोषणा केल्या, त्याच खिडकीत तिचा आवाज येऊन पडला होता.

आता एकेक आकडा उघडायचा, ऐकायचा आणि योग्य बटणाखाली ठेवायचा. दुपारची वेळ, दुकान रिकामं. पहिलाच आकडा उघडला आणि दुकानभर घुमलं: "नाही." स्वच्छ, ठणठणीत, एक ओरखडा नाही. मी माझ्या टेबलावर दचकले. मला आनंदही झाला, लपवत नाही. म्हटलं, चला, म्हातारीचं अर्धं आयुष्य आलं परत.

पाणी आलं, औषध आलं. "तुला नाही जमणार" आलं आणि तो फिसकन हसला, कारण जमलं होतं. पण तो ज्या घाईने पुढचा पुढचा आकडा उघडत होता ती घाई दुरुस्तीची नव्हती. माझ्या हळूहळू लक्षात आलं की तो काहीतरी शोधतोय. आवाज भरायच्या दिवशी आपण खोलीत नसताना, इस्पितळातल्या बाईंनी आग्रह केला म्हणून, किंवा नुसतं चुकून, तिने एखादं वाक्य आपल्यासाठी भरलं असेल. पुसलं असेल नंतर. पुसलेलंही या खणात येतं. तो शेवटच्या आकड्यापर्यंत गेला. शेवटच्यात नुसतं तिचं खाकरणं होतं. तेही त्याने दोनदा ऐकलं.

मग त्याने "ये रे बाळा" लावलं. पुन्हा लावलं. मी काच बसवायचं सोडून बसून होते. बऱ्याच वेळाने त्याच्या पडद्यावर तीन तुकडे दिसले, करवतीच्या दातांसारखे आवाजाचे आलेख. "आज छान वाटतंय" मधलं "छान". "काय केलंस हे?" मधलं "केलंस". आणि मांजरीचा "बाळा". त्याने ते जोडले, मधला श्वास कापला, अंतर सारखं केलं.

"छान केलंस, बाळा."

आवाज हुबेहूब तिचा. फक्त मधला शब्द टोचत होता. छान मऊ, बाळा त्याहून मऊ, आणि मध्ये "केलंस" रागाचं, कारण ते आलंच होतं रागातून. त्याने ते गुळगुळीत करायचा फार प्रयत्न केला, जमलं नाही. मला वाटलं, ठेवू दे बिचाऱ्याला स्वतःजवळ, कानाला लावून ऐकेल कधी.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन वर गेला. मीही गेले, मला तिचा चेहरा बघायचा होता. म्हातारीने वाकड्या बोटाने बटण दाबलं. "पाणी." आपलाच आवाज ऐकून तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तिने औषध दाबलं, दार लाव दाबलं, हो दाबलं. मग जे केलं ते मी त्या घरात आधी कधी बघितलं नव्हतं. तिने बिघाडचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थोपटला. सावकाश, लहान पोराचा थोपटावा तसा.

तो डब्याकडे बघत होता. ती कधी कोपऱ्यातलं बटण दाबते याची वाट बघत होता. हात थोपटला गेलाय हे त्याच्या गावीही नव्हतं.

तिने दाबलं. "छान केलंस, बाळा."

म्हातारीने डब्याकडे पाहिलं. चुकून बोट दुसरीकडे पडलं असं वाटून पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग तिने भराभरा बाकीची बटणं दाबली. अक्कल कुठे ठेवलीस, मुकं. तुला नाही जमणार, मुकं. बिघाड वर ये, मुकं. मांजरीचं बटणही मुकं. त्याचा हात तिने केव्हाच सोडला होता.

"काही फाइली गेल्या, आई," तो म्हणाला. "जेवढ्या वाचल्या तेवढ्या घातल्या."

खाली आल्यावर मी त्याला धरलं. "ती 'नाही'ची फाइल गेलेली नाही. मी ऐकली माझ्या कानांनी."

"तू काचा बदल."

"तिचा नकार काढून घेतलास तू. उद्या तिला दुखतंय, नको म्हणायचंय, तर काय म्हणायचं तिने?"

"इतकी वर्षं नाहीच म्हणत होती. आता जरा दुसरं म्हणू दे."

पुढच्या दिवसांत ग्राहक कौतुक करायला लागले. आजी किती निवळल्या, म्हणाले. वरून शिव्या येत नाहीत, उलट लेकाला शाबासकी येते. खरी गोष्ट अशी की म्हातारीचा हात सवयीने कोपऱ्यात जायचा. भात नको, ताटात आणखी पडायला लागला की बटण: "छान केलंस, बाळा." "हो आई," म्हणून हा आणखी एक डाव वाढायचा. पंखा वेगाने नको म्हणून हातवारे, तो बघेना म्हणून बटण: "छान केलंस, बाळा." "हो आई." आणि पंखा आणखी जोरात. ती चिडून दोन-तीनदा दाबायची, तेव्हा तर तो दारात उभा राहून डोळे मिटून ऐकायचा.

पण म्हातारी कच्च्या गुरूची चेली नव्हती. इतकी वर्षं जिन्यातून दुकान ऐकत होती, त्याचा नियम तिला पाठ होता. एका सकाळी मी वर गेले तर तिने माझा पदर ओढला, गळ्याजवळ किल्ली फिरवल्यासारखं केलं आणि खाली बोट दाखवलं. पेटी. नक्कल पेटीत आहे, तिने ठीक आहे म्हटल्याशिवाय तो ती पुसणार नाही, आणि त्या नकलेत तिचं 'नाही' शाबूत आहे. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वरच्या चौकात दुसरा एक कारागीर बसतो, बिघाडच्या निम्म्यानेही नाही, पण बिल्ले लावण्याइतपत आहे. मी म्हातारीच्या कानात सांगितलं, आणते मी, मावशी.

खाली येऊन सरळच बोलले. आडपडदा मला जमत नाही, आणि चुकलं ते तिथेच. "मावशींची नक्कल दे. त्या दुसरीकडे करून घेणार आहेत. ग्राहकाचा हक्क आहे, तूच म्हणतोस."

त्याने हातातली सळई खाली ठेवली. मग गळ्यातली किल्ली काढली, पेटी उघडली, कार्ड घेतलं, मोठा फोन घेतला ज्यावर तो कार्डं वाचतो, आणि जिना चढायला लागला. "ग्राहकाला विचारू या," म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

म्हातारी खिडकीपाशी बसली होती, डबा मांडीवर. त्याने कार्ड फोनला लावलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला, अगदी त्या आवाज भरायच्या दिवशी बसला होता तसा.

"आई, दुरुस्ती तपासली? ठीक आहे ना?"

म्हातारीने ओळखलं. तिने दोन्ही हात डब्यावरून उचलले आणि मागे कमरेपाशी नेले. मान हलवली, जोरात, इकडून तिकडे. तो तिच्या मानेकडे बघतच नव्हता. नजर डब्यावर.

"मानेचं चालत नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना सांगतो मी. तोंडाने सांगायचं."

"अरे, तिला तोंड ठेवलंयस का तू?" मी म्हटलं.

"आवाज तिचाच आहे. एक शब्द बाहेरचा नाही त्यात."

म्हातारी हात मागे धरून बसली होती, ओठ घट्ट. मला वाटलं, जिंकली. ही आता उद्यापर्यंत हलत नाही. बिघाडही तिला ओळखून होता. त्यानेही घाई केली नाही. फोनवर अंगठा ठेवला आणि अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ घालू का असं विचारावं तसं विचारलं:

"मग पुसू का?"

तिचा हात गेला. इतक्या वर्षांचा सवयीचा हात, न बघता सापडलं पाहिजे म्हणून तिनेच ठरवलेल्या कोपऱ्याकडे. मी ओरडले, "मावशी, नको," पण बोट पोचलं होतं.

"छान केलंस, बाळा."

"हो आई," तो म्हणाला आणि अंगठा दाबला. कार्ड पुसायला फार वेळ लागत नाही. ती बटण दाबत राहिली, दाबत राहिली, आणि डबा दर वेळी त्याला शाबासकी देत राहिला. तोंड उघडं होतं तिचं, आतून नुसती हवा येत होती. त्याने कार्ड काढलं, खिशात घातलं, आणि दुपारी तेच कार्ड बेकरीवाल्याच्या दुसऱ्या पॅनलला वापरलं.

मी तिथलं टेबल अजून सोडलेलं नाही. रागाने सोडायला निघाले होते, पण मग वर साखर-पाणी कोण बघणार. म्हातारी आता डब्याला हात लावत नाही. तहान लागली तरी लावत नाही. दिवसभर हात शालीत गुंडाळून खिडकीबाहेर बघत असते.

परवा मी पाणी घेऊन वर गेले तेव्हा बिघाड तिच्या पायाशी बसला होता. शालीतून तिचा हात त्याने बाहेर काढला होता, वाकडं बोट सरळ करून आपल्या बोटांत धरलं होतं, आणि ते बोट कोपऱ्यातल्या बटणावर टेकवत होता. ती ओढत नव्हती, देतही नव्हती. डबा बोलला. तो "हो आई" म्हणाला आणि बोट पुन्हा टेकवलं.

मधला शब्द अजून टोचतो. सगळ्या वाक्यात तेवढाच एक शब्द तिने खरोखर त्याला म्हटलेला आहे.